हळकुंडांची कॅसेट

आमच्या घरातला ॲम्प्लिफायर मी निवडलेला नव्हता. पस्तीस वर्षं मी सांगत आलो की मीच निवडला, आणि सांगलीतल्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींनी ते खरं मानलं. मुलगा म्हणतो, आता हे लिहून काय साधणार, लोक हसतील. हसू देत. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला हसण्याची भीती कशाला घालायची?

मी हायस्कूलात विज्ञान शिकवत होतो. घरात टर्नटेबल होतं, टेप होता, दोन मोठे स्पीकर होते. त्यांना पुरेल असा दमदार ॲम्प्लिफायर तेवढा हवा होता. मी माहितीपत्रकं आणून वॅटचे आकडे वहीत उतरवून घ्यायचो. दुकानात गेलो की खर्ज वाढवायचा आणि काचेचं कपाट थरथरतं का ते बघायचं, ही माझी परीक्षा. शेवटी दोनच उरले. एक मोठा, काळा, जाडजूड बटणांचा. दुसरा साधा, राखाडी. माझं मन काळ्यावर बसलं होतं.

माझी बायको पलूसकडच्या हळद पिकवणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी हळद शिजवून वाळवली की पोती भरण्याआधी हळकुंडाचा आवाज ऐकतात. पक्कं वाळलेलं खणखणतं, आत ओल राहिली असेल तर बद्द वाजतं. तिनं तिकडून दोन्ही तऱ्हेची मूठ मूठ हळकुंडं आणली आणि मी शाळेत असताना त्यांचा पडण्याचा आवाज कॅसेटवर भरून ठेवला. दुकानात तिनं ती कॅसेट पर्समधून काढली तेव्हा मला लाज वाटली होती, हेही इथे लिहून टाकतो.

काळ्यावर लावली. दोन्ही मुठी सारख्याच दणदणीत वाजल्या. मग राखाडीवर लावली. त्यात ओली मूठ ओली ऐकू आली आणि वाळलेली वाळलेली. बटण बरंच पुढे नेलं तरी आवाज फुटला नाही. ती म्हणाली, "ह्यो घ्या. त्यो मोठा समद्याच मालाला चांगला म्हणतोय."

घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी मित्र ऐकायला आले. अर्धा तास रेकॉर्ड चालली. मग एकानं विचारलं, ही निवड कशी केलीत सर? आणि मी म्हणालो, हळकुंडं ताटात टाकून आवाज भरला, तो लावून बघितला. ती तेव्हा चहाचे कप ठेवत होती. ठेवून आत गेली.

पुढे गोष्ट वाढत गेली. ताट पितळी झालं, मग आजोबांच्या वेळचं झालं. लोक मला दुकानात सोबत नेऊ लागले. एका संगीत मंडळानं शाल आणि नारळ दिला, तेव्हा व्यासपीठावरून मी म्हणालो की बायकांना गाण्यातले शब्द कळतात, आवाज कळत नाही. लोक हसले. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. परत येताना स्कूटरवर मागे तो नारळ मांडीत धरून बसली, आणि मी तिला काही विचारलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं असं पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं.

यंदा तो राखाडी बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. मुलानं तळहाताएवढा स्पीकर आणून दिला, तो मी त्याला साभार परत केला. आता माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत, तिच्या कानांत नाहीत. नवा ॲम्प्लिफायर घ्यायचा ठरल्यावर जुन्यांपैकी एक मित्र हट्टानं आम्हा दोघांसोबत आला. त्याला ती प्रसिद्ध परीक्षा पुन्हा बघायची होती. पिशवीत त्यानं पितळी ताटही आणलं होतं.

दुकानात मी त्याला सांगितलं की ती कॅसेट माझी नव्हती, हिची होती. निवडही हिचीच. मी खोटं बोलत आलो.

तो जरा गडबडला. म्हणाला, "असू दे की सर. नवराबायकोचं काय वेगळं असतंय? आणि आता या वयात कशाला?"

"शाल एकच मिळाली," मी म्हणालो, "आणि ती माझ्या कपाटात आहे."

बायकोनं त्याच्या हातातलं ताट घेऊन बाजूला ठेवलं.

"आवं भावजी, ताट कवाच नव्हतं. मी फरशीवर टाकली हुती हळकुंडं. ताटात टाकलं की ताटच वाजतंय."

मित्रानं ते ताट उचलून पिशवीत घातलं. मग त्यानं कबूल केलं की माझं ऐकून त्यानं या ताटावर दोन ॲम्प्लिफायर पारखून घेतले होते, आणि एकदाही त्याला फरक ऐकू आला नव्हता. आपलाच कान बाद आहे असं समजून तो वीस वर्षं गप्प बसला होता.

"कानाला काय झालं नव्हतं तुमच्या," ती म्हणाली.

माझ्या लबाडीची झळ घरातल्या घरात राहिली, असं मी मनाला समजावत आलो होतो. तीही समजूत त्या दिवशी गेली.

मग तिनं घरून आणलेल्या रुमालाची गाठ सोडली, दुकानाच्या फरशीवर दोन्ही तऱ्हेची हळकुंडं टाकली, मोबाईलवर आवाज भरला आणि एकेका ॲम्प्लिफायरवर लावायला सांगितला. मला सगळे सारखेच वाटले. ती चौथ्यापाशी थांबली, आवाज वाढवायला लावला, पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. तोच घेतला. वॅट किती, मी विचारलं नाही.

येत्या रविवारी उरलेल्या मंडळींना बोलावलं आहे. काहींना हे आवडणार नाही, मित्रानं तसं बजावलंही आहे. न आवडो. ती पुढच्या खुर्चीवर बसेल आणि फरशीची गोष्ट सांगेल. चहा मी करणार आहे, आणि कप ठेवून झाल्यावर आत जाणार नाही.