कमठ्याला लावलेला पाय

भूकंपानंतर आमच्या लातूरच्या गल्लीत रोज नवी आवई उठायची. आज पुन्हा होणार, उद्या तर नक्कीच. सगळी गल्ली बाजा बाहेर काढून मैदानात झोपायची आणि माझे वडील एकटे घरात. शाळेत इतिहास शिकवणारा माणूस, कुणी बातमी घेऊन आलं की चष्मा कपाळावर ढकलून विचारायचे, "पुरावा काय?" मी तेव्हा तिसरीत होतो. मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा! तो प्रश्न मी त्यांच्याकडून उचलला आणि पुढे नको तिथे वापरला.

अकरावीला क्लासमध्ये माझ्या बाकावर किनवटच्या जंगलपट्ट्यातला, इस्लापूरकडचा एक मुलगा आला. तेव्हा सगळ्या मराठवाड्यातून पोरं लातूरला लोटत होती. दगडी माड्या उतरवून लोकांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या, त्यातल्याच एकीत तो राहायचा. दोन वर्षं आम्ही एकत्र घासली आणि दोघंही नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला लागलो. हॉस्टेलची खोलीही एकच.

तिथे मला प्राचीन युद्धांच्या एका कॉम्प्युटर गेमचं वेड लागलं. त्या खेळात आपल्या पदरची भर घालता येते, तिला मॉड म्हणतात. इंटरनेटवर जमलेले आम्ही सात-आठ जण, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले, सातवाहनांचं सैन्य त्यात घालत होतो. सैनिकांच्या अंगावर काय होतं, हातात काय होतं, ते कसे हलायचे, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. कुणी पायदळाला चकचकीत चिलखत चढवलं की मी तुटून पडायचो. लेण्यांतल्या शिल्पात दिसतं का? नाही ना? मग काढा. अभ्यास सोडून मी हेच करायचो आणि गटात मला सगळे वचकून असायचे.

धनुर्धरांचं काम निघालं. एका ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय की हिंदुस्थानातलं धनुष्य माणसाएवढं उंच, ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून सैनिक बाण सोडतात. मी बरहुकूम तसंच करायला सांगितलं. पडद्यावर साठ सैनिक एका पायावर लंगडत बाण सोडू लागले. मित्र मागून बघत होता. म्हणाला, "हे आसं न्हाई होत. आमचा आजा कमठा करतो. रानडुकरं हाकायला लई चालवलाय त्यानं. बोलावू का?"

मी बरं म्हणालो. म्हातारबाबा येतील, गप्पा होतील, इतकंच माझ्या डोक्यात. पण एका रविवारी आजोबा रेल्वेने आले ते पोत्यात गुंडाळलेला नवाकोरा कमठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, घेऊन. नातवाच्या दोस्ताला दाखवायचा म्हणून मुद्दाम केलेला, दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची. हॉस्टेलमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी एक टोक जमिनीला टेकवलं, पायाने दाबून कमठा वाकवला आणि दोरी चढवली. मग पाय काढला, सरळ उभे राहिले आणि बाण थेट कडुलिंबाच्या खोडात.

"पाह्यलं का बाबू? पाय दोरी चढवायपुरता. मारताना न्हाई."

"आजोबा, पण तसं लिहून ठेवलंय."

"लिव्हनाऱ्यानं दुरून पाह्यलं आसंल."

जमलेली पोरं खो खो हसली. आजोबांनी काही माझी टिंगल केली नव्हती, पण मला ते झोंबलं. खोलीत आल्यावर मी मित्राला ऐकवलं की डुकरं हाकणं वेगळं आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं सैन्य वेगळं, इथे पुरावा लागतो. तो शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुझं तसंच. पन शेवटी मदत करनाऱ्यांची यादी आसती ना, त्यात आज्याचं नाव टाकशील? जाताना त्यानं इचारलंय."

"बघू," मी म्हणालो.

मॉड बाहेर पडलं. यादीत पुस्तकं होती, ग्रीक लेखक होता, नुसता खेळून बघणारा एक परदेशी पोरगाही होता. मित्राने माझ्या खुर्चीत बसून ती अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. "हाव, ठीक हाय," एवढंच म्हणाला आणि जेवायला निघून गेला. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही एकाच खोलीत राहिलो, पण त्यानंतर तो माझ्या मागे येऊन पडद्याकडे बघत कधी उभा राहिला नाही.

पुढे मी पुण्याला नोकरीला लागलो. बऱ्याच वर्षांनी एका अभ्यासकाचा लेख वाचनात आला. तो ग्रीक लेखक इकडे कधी आलाच नव्हता, त्याने दुसऱ्यांचं वाचून लिहिलं होतं. आणि दोरी चढवण्यालाच कुणीतरी बाण सोडणं समजलं असावं. मॉड अजून चालू होतं; मी त्याच आठवड्यात त्यातल्या सैनिकांचे पाय मोकळे करून घेतले आणि यादीत, सवयीने, त्या लेखाचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली. आजोबांचं नाव घालायला बसलो तर ते मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मित्र आता किनवटकडे सरकारी नोकरीत आहे. त्याला फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली आणि विचारलं, "आजोबांचं पूर्ण नाव काय रे?"

तो म्हणाला, "आजा जाऊन लई वर्सं झाली. ऱ्हाऊ दे आता. मी त्याला तवाच सांगितलं व्हतं, तुमचं नाव आलंय म्हनून. मरंपर्यंत समद्या गावाला सांगून राहिला व्हता. आता नव्यानं टाकलंस, तर तवा नव्हतं हे घरच्यांला कळंल."

नाव त्याने सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.