किल्ला की गढी

"हा किल्ला नव्हे, गढी आहे," असं मी बायकोला सांगितलं, तेव्हा समोर लॅपटॉप होता आणि त्यावर फ्रान्समधल्या एका खेड्याचा फोटो. टेकाडाला धरून बसलेली दगडी घरं, एक चर्च, एक बेकरी आणि वर मध्ययुगातला किल्ला. पुढे लोकरी टोपी घालून आमचा जुना शेजारी उभा होता. तो हसत होता, हे मला विशेष खटकलं.

इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीत, त्याचं दार आमच्या दारासमोर होतं. ऑफिसही एकच. मंदीच्या आधी आमच्या कंपनीकडे वाळवंटात 'फ्रेंच खेडं' उभारायचं काम होतं. जाहिरातीच्या फलकावर मध्ययुगातल्या निवांतपणाचं आश्वासन होतं आणि प्रत्येक बुरुजात सेंट्रल एसी. मी त्या फलकाची टिंगल करायचो. तो निमूटपणे किल्ल्याच्या दरवाज्याची ड्रॉइंग्स करायचा. मग २००८ साल आलं, क्रेन होत्या तिथे थांबल्या आणि फ्रेंच खेडं खलास झालं. त्याची नोकरी गेली. माझी राहिली, कारण मी मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात सांडपाण्याच्या लाइनवर होतो. सांडपाणी मंदीत थांबत नाही.

निरोपाच्या जेवणात मी त्याच्यासाठी इतका हळहळलो, की घरी आल्यावर बायको म्हणाली, "जरा जास्तच सांत्वन केलंस."

पुढे त्याच्या बायकोला फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं. शहरातली भाडी परवडेनात म्हणून ते खेड्यात राहायला गेले. आम्ही ज्या वस्तूची नक्कल करत होतो, ती वस्तू त्याला आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होती. आणि मी ज्याची कीव करून ठेवली होती, तो असा परस्पर निसटला होता.

"गढी का म्हणे?" बायकोने विचारलं.

"माची कुठाय? पाण्याचं टाकं कुठाय? दरवाजा बघ, सरळ समोर. वळण नाही, आडोसा नाही. हत्ती धडक द्यायला सरळ आत येईल."

"फ्रान्समध्ये हत्ती कोण आणणार होतं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बाबा, यू आर जस्ट जेलस," मुलगी फोटोवरून नजर न काढता म्हणाली.

दिवाळी जवळ आली. तो इथे असताना दर वर्षी आम्ही दोघं मिळून आमच्या बाल्कनीत मुलांसाठी किल्ला करायचो. माती नर्सरीतून आणायची, ती कालवायची त्याने. मी खुर्चीत बसून किल्ल्याचं शास्त्र सांगायचो. माचीला उतार दे. बुरूज पुढे घे. तो मला 'किल्लेदार' म्हणायचा आणि मला ते मनापासून आवडायचं. बांधणारा तो असला तरी किल्ला माझा, अशी माझी समजूत होती. त्या वर्षी मुलीने विचारलं, "काका इज नॉट हिअर. सो हू विल मेक इट?"

 मग शनिवारी एकट्याने कामाला लागलो. नर्सरीची माती भुसभुशीत, पीटचं हलकं खत घातलेली; हातात धरली की ओघळायची. बुरूज दोनदा बसला. तिसऱ्यांदा मी इंजिनिअरला सुचतं तेच केलं: साइटवरून उरलेलं सिमेंट आणलं. आता किल्ला उभा राहिला. वळणाचा दरवाजा, उतरती माची, चोरवाट. शास्त्राप्रमाणे एक चूक नाही. हिरवळीसाठी त्यावर अळीव पेरले, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. अळीव सिमेंटवर आहेत तसे पडून राहिले.

मुलीने किल्ल्याभोवती एक चक्कर मारली. "इट लुक्स लाइक द मॉल," ती म्हणाली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याचा स्काइप आला. खरा किल्ला मागे, धुक्यात. पुढे अंगणात त्याने केलेला दिवाळीचा किल्ला: एका बाजूला कललेला, बुरूज लहानमोठे, आणि सगळ्यावर बोटभर हिरवेगार अळीव.

"अळीव कुठून आणलेस?" मी विचारलं.

"शेजारच्या आजींनी दिले. इथे सॅलडमध्ये खातात. मी चिखलावर फेकले तर त्या ओरडल्याच माझ्यावर. त्यांना वाटतंय, समोर एवढा किल्ला असताना हा वेडा दुसरा कशाला बांधतोय."

"आणि माती?"

"मागची, वाफ्यातली. अरे, लोण्यासारखी आहे!" त्याने हात कॅमेऱ्यासमोर धरले. कोपरापर्यंत काळी, ओली माती.

किल्ल्याला मी गढी म्हणू शकलो होतो. त्या मातीला म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं.

"पण किल्लेदार, एक गडबड झालीय," तो म्हणाला. "समोरचा बघत बघत बांधला, तर दरवाजा सरळ झाला. तू असतास तर म्हणाला असतास, हत्ती थेट आत येईल. काय करू?"

बायको शेजारी बसून तोंड दाबून हसत होती.

"डावा बुरूज पाड," मी म्हणालो. "आणि पुढे घे. नाही, आणखी पुढे. आता वाट त्याच्यामागून वळव."

तो गुडघ्यांवर बसून अळीवासकट बुरूज पाडू लागला. मी इथे एसीत खुर्चीत बसून सांगत होतो, जसा सांगत आलो होतो. सिमेंटच्या किल्ल्याबद्दल त्याला कुणीच काही बोललं नाही; मुलगीसुद्धा नाही. दरवाजा वळला. त्याने वर मान करून विचारलं, "जमला?"

"बाबा," मुलगी म्हणाली, "सो इज दॅट वन अ किल्ला ऑर अ गढी?" तिचं बोट मागच्या धुक्यातल्या दगडी बुरुजावर होतं.

मी खालच्या, चिखलाच्या किल्ल्याकडे बघितलं. "दोन्ही किल्लेच आहेत," मी म्हणालो, आणि बरीच वर्षं पुरेल एवढा हेवा एका वाक्यात गिळला.

आमचा किल्ला दिवाळी संपल्यावर वॉचमनने हातोड्याने फोडला. त्याला पूर्ण दुपार लागली. "साब," तो घाम पुसत म्हणाला, "बहुत पक्का बनाया है."