आधी वन्संना फसवायचं

लाँड्रीच्या धंद्यात पहिलं काम म्हणजे खिसे तपासणं. कपडा पाण्यात जायच्या आधी त्याच्या प्रत्येक खिशात बोटं घालून पाहायचं, कारण विसरलेलं एक शाईचं पेन पांढऱ्या कपड्यांचा अख्खा ढीग निळा करून टाकतं. बाई लग्न होऊन त्या घरात आल्या आणि थोड्याच दिवसांत हे काम त्यांच्याकडे आलं. नवरा भट्टीपाशी, नणंद मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलापाशी आणि बाई पुढे काउंटरवर. दुकान एवढंसं. वाफेचा, खळीचा आणि तापलेल्या सुताचा वास सगळ्यांच्या अंगाला सारखाच लागलेला.

नणंद वयानं बाईंहून मोठी, पण भावाहून धाकटी. म्हणून ती बाईंना वहिनी म्हणायची आणि बाई तिला वन्सं म्हणायच्या. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा वन्सं रडारड न करता आपली पेटी घेऊन माहेरी परतल्या होत्या. जिभेला धार होती आणि नजर त्याहून तेज. सदऱ्याच्या कॉलरवरून त्या सांगायच्या, या माणसाचं सध्या घरात भांडण चालू आहे.

एकदा एका काळ्या कोटाच्या खिशात कागदात गुंडाळलेला दुधाचा दात निघाला. कोटाचे मालक एकटे राहणारे, लग्न न केलेले गृहस्थ. बाईंनी दात मागे नेऊन वन्संना दाखवला आणि तिथल्या तिथे एक गोष्ट रचून सांगितली. नाहीशी झालेली पुतणी, शेजारची कुलूप लावलेली खोली, रात्री वाजणारी पावलं. वन्संनी इस्त्री उभी केली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मुलीला पळवलं ते मोलकरणीनं. बरोबर होतं ते. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गोष्ट अजून संपली कुठे, असं म्हणत त्या काउंटरवर आल्या, गिऱ्हाइकांचे गठ्ठे घेता घेता त्यांनी गुन्हेगार बदलला आणि दुकान बंद करायच्या वेळेला वन्सं साफ फसल्या. बाई त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या.

पुढे हाच पायंडा पडला. बाई पुढचं काम नवऱ्यावर सोपवून मागे जायच्या आणि इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून सांगायला लागायच्या. दुकानाचं एक गिऱ्हाईक म्हणजे स्वस्तातली पुस्तकं छापणारे एक प्रकाशक. बाह्यांना कायम शाई. एकदा कपडे हातात पडले तरी ते मागच्या खोलीकडे कान लावून काउंटरला टेकून उभेच राहिले. बराच वेळ झाला तेव्हा बाईंच्या नवऱ्यानं अदबीनं विचारलं, काही राहिलं का आपलं? ते म्हणाले, खुनी राहिलाय.

तिथून बाई लेखिका झाल्या. शाळा लवकर सुटली होती, लिहिण्याचं कुणी शिकवलं नव्हतं. कपडे बांधायच्या कागदांच्या मागच्या बाजूवर त्यांनी पहिली कादंबरी लिहिली. त्यांच्या कादंबऱ्यांत तपास करायची एक म्हातारी सुईण. पोलिसाला दारात थांबवतात, पण सुइणीला कुणीही आत घेतं, अगदी माजघरापर्यंत. आणि गावातली अर्धी माणसं तिच्याच हातून जगात आलेली, मग तिच्यापुढे कोण किती खोटं बोलणार? ही सुईण वाचकांनी डोक्यावर घेतली. एस.टी.च्या स्टँडवर, वाचनालयांत, सलूनच्या बाकड्यावर बाईंची पुस्तकं दिसू लागली. वर्षाला तीन, कधी चार. शंभरी कधी ओलांडली ते बाईंनाही कळलं नाही. आणि या सगळ्या काळात त्या काउंटरवर उभ्याच होत्या. कुणी म्हणालं, आता कशाला हे कपडे धुणं, तर त्या म्हणत, खिसे कोण तपासणार मग?

नियम मात्र एकच. वन्संनी खुनी ओळखला तर तो बाद. कितीही पानं झालेली असोत, बाई पुन्हा मागच्या पानांवर जायच्या आणि दुसऱ्याच्या हातात सुरा द्यायच्या.

यातून एकदा मोठा घोळ झाला. त्या कादंबरीत वन्संनी एकामागून एक तिघांना ओळखलं. बाई इरेला पडल्या. चौथ्यांदा त्यांनी अशा माणसाला खुनी केलं की तो वन्संच्या स्वप्नातही आला नसता. पुस्तक छापून गेलं आणि वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. खुनी जो ठरला होता, तो बिचारा सुरुवातीलाच मेला होता, त्याला रीतसर मूठमाती दिली होती, आणि हे प्रकरण बदलायचं राहून गेलं होतं. प्रकाशक घाम पुसत दुकानात आले. वन्सं मात्र टेबलामागे पोट धरून हसत होत्या. म्हणाल्या, "मी कशी ओळखणार, वहिनी? मेलेल्या माणसावर संशय घ्यायची मला सवय नाही."

बाईंनी माफी मागितली नाही. पुढच्याच कादंबरीत सुईण ती कबर उकरायला लावते आणि आत भलताच कुणी निघतो. ते पुस्तक आधीच्यापेक्षा जास्त खपलं. आजही जुने वाचक छातीठोकपणे सांगतात की बाईंनी हे सगळं आधीच ठरवलेलं होतं. बाई त्यांना कधी खोडून काढत नसत.

मग बाईंचा नवरा गेला. दुखणं थोडक्या दिवसांचं होतं. दोघींनी दुकान चालू ठेवलं. भट्टीवर एक माणूस नेमला. काही महिन्यांनी बाई पुन्हा सांगायला बसल्या. वन्संनी अर्ध्यातच खुनी ओळखला. एरवी बाई चिडल्या असत्या, टोमणा मारला असता. या वेळी त्यांनी सगळे कागद गोळा केले, भट्टीत टाकले आणि अंथरूण धरलं. कितीतरी दिवस जेवल्या नाहीत, खिशांना हात लावला नाही.

त्यानंतरच्या कादंबऱ्या भराभर झाल्या. वन्संना एकही खुनी ओळखता आला नाही. बाईंना वाटलं, दुःखानं माणूस खोल जातो म्हणतात ते हेच. आता आपला हात बसला. मान थोडी ताठ झाली, आणि का होऊ नये?

प्रकाशकांच्या पश्चात त्यांच्या लेकीनं कारभार हाती घेतला होता. एका सकाळी ती दुकानात आली. कपडे आणले नव्हते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं हळूच विषय काढला. वाचनालयवाले तक्रार करतात. लोक अर्ध्या पुस्तकात खुनी ओळखतात आणि पानाच्या कडेला पेन्सिलीनं त्याचं नाव लिहून ठेवतात. जुनी पुस्तकं आपण छापतच राहू, पण नवं आता नको. सुइणीनं सन्मानानं घरी बसावं.

बाईंचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "माझ्या वन्संना जो ओळखता आला नाही, तो वाचनालयात ओळखला जातो? शक्य नाही, पोरी."

मागच्या खोलीत नेहमी काहीतरी बोलणाऱ्या वन्सं त्या वेळी गप्प होत्या. पोरीला दया आली असावी. जाताना म्हणाली, अजून एक लिहा. तेही लोकांनी ओळखलं, तर मात्र थांबू.

बाई दिवसभर गिऱ्हाइकांशी नीट बोलल्या, पण डोकं दुसरीकडेच होतं. जन्मभर ज्यांनी लोकांच्या खिशांतून त्यांची गुपितं काढली, त्यांना आता आपल्याच घरातल्या माणसाचा खिसा चाचपून पाहायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसल्या आणि नवी कादंबरी सांगायला लागल्या. सावकाराचा पुतण्या काकाशी भांडतो, दुकानातून विष विकत आणतो, काकाच्या दुधात ओततो, आणि ते ओतताना गड्याला दिसतोसुद्धा. वन्सं मान हलवत ऐकत होत्या. एका सदऱ्याची बाही संपवून त्यांनी दुसरी घेतली आणि सवयीनं म्हणाल्या, मला तर तो लंगडा पोस्टमास्तर वाटतो.

"वन्सं," बाई म्हणाल्या, "पुतण्याला मी विष ओतताना दाखवलाय."

वन्संची इस्त्री थांबली. मग त्यांनी ती बाजूला केली आणि पदरानं तोंड पुसलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही अंथरुणात पडून होता तेव्हा मी तुमच्या उशापाशी बसून ठरवलं. म्हटलं, माणूस राहू दे, खुनी गेला खड्ड्यात."

बाईंना राग आला होता, आणि ज्याच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. शेवटी त्या उठल्या, वन्संच्या हातात इस्त्री परत दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही मला जपलंत आणि माझं नाव बुडवलंत. आता जपू नका. शत्रूसारखं ऐका."

वन्संनी हा शब्द मनावर घेतला. बाईंनी खरी नवी कादंबरी सुरू केली. एका जुन्या नाटक कंपनीची गोष्ट. कपडेपटातल्या पेट्यांवर एक नट मरून पडलेला. वन्संनी पहिला खुनी चौथ्या प्रकरणात धरला. वर म्हणाल्या, याला तर दुकानाबाहेरचं कुत्रंही ओळखेल. बाईंनी दुसरा आणला. वन्सं म्हणाल्या, बरा आहे, पण घाबरलेला फार दिसतो, खऱ्या खुन्याला भूक लागते. बाईंनी तेही कागद फाडले. पण आता जेवण सुटत नव्हतं. उलट सकाळी दुकान उघडायची घाई व्हायची. किती वर्षांनी त्यांना कुणी असं टाकून बोलत होतं! तिसरा खुनी वन्संनी जरा उशिरा ओळखला आणि ओळखल्यावर स्वतःच हळहळल्या. बाई म्हणाल्या, हळहळू नका, अजून दम आहे माझ्यात. पानं वाढत गेली, मग कमी झाली, मग पुन्हा वाढली. गठ्ठ्यांवर नंबराच्या चिंध्या टाचता टाचता बाई पुटपुटायच्या, तेव्हा गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई हिशेब करतात.

पानगळ सुरू झाली होती. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. बाई शेवटच्या प्रकरणाला आल्या होत्या. वन्संनी आपला माणूस केव्हाच निवडला होता आणि सुईण त्याच्याकडेच चालली होती. वन्सं विजयानं मान डोलवत एक पांढरा शर्ट इस्त्री करत होत्या. सुईण त्या माणसासमोर थांबली, त्याला नमस्कार केला आणि त्याच्या बाजूनं पुढे गेली. बाईंनी खरं नाव सांगितलं.

वन्संचं तोंड उघडं राहिलं. हात जिथल्या तिथे. त्या एकेक प्रकरण मनात मागे मागे जाऊन पाहत होत्या, आणि जिथे जावं तिथे तो माणूस उघड्यावर बसलेला होता. मग खोलीत जळका वास पसरला. बाईंनीच आधी इस्त्री उचलली. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी, नीटस डाग उमटला होता. एवढ्या वर्षांत वन्संच्या हातून कपडा जळल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं, ते शर्टासाठी. बाईंच्याही डोळ्यांत आलं, पण ते शर्टासाठी नव्हतं. हे सोंग नव्हतं. वन्सं जीव गेला तरी सोंगापायी गिऱ्हाइकाचा शर्ट जाळणार नाहीत, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक होतं?

शर्ट कोर्टातल्या एका कारकुनाचा. भट्टीवरच्या माणसाला न पाठवता बाई स्वतः नवा शर्ट घेऊन त्यांच्या घरी गेल्या. कारकून जरा तापले. असं झालंच कसं, म्हणाले. बाईंनी पाठ ताठ करून सांगितलं, "माझी कादंबरी ऐकताना झालं." आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की कारकुनांनी आतून खुर्ची आणवली आणि कोणती कादंबरी, म्हणून विचारलं. खुनी मात्र बाईंनी सांगितला नाही. इथेही तो सांगणं म्हणजे बाईंच्या पोटावर पाय देणं होईल.

पुस्तक निघालं. वाचनालयातल्या प्रतींच्या कडेला पेन्सिलीची नावं होती, भरपूर होती, आणि सगळी चुकलेली होती. एकानं तर तीन नावं लिहून तिन्ही खोडली होती आणि खाली लिहिलं होतं, बाई, हात जोडले.

प्रकाशकांची लेक पुन्हा दुकानात आली, ती या वेळी धुण्याचा भलामोठा गठ्ठा घेऊन, जणू मोकळ्या हातानं यायची लाज वाटत होती. तिनं कबूल केलं की तिनंही भलत्यालाच धरलं होतं. मग काउंटरवर कोपर टेकून तिनं विचारलं, पुढची कधी देता?

बाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून वन्संचा आवाज आला. "आधी मी ऐकेन. मग बघू."

बाईंनी त्या पोरीकडे पाहून खांदे उडवले आणि तिचे कपडे मोजून घ्यायला सुरुवात केली.