कोर्टाच्या कारकुनांना आलेला वास

भोरच्या कोर्टात एक कारकून होते; साधं ‘भूक लागली’सुद्धा जबानी दिल्यासारखं सांगत. दर शनिवारी आम्ही एकाच सर्व्हिस मोटारीनं पुण्याला जायचो. बसल्याबरोबर ते नाक वर करून जाहीर करत, “पेट्रोलचा वास येतो आहे. नोंद असावी!” मग कुणाला विडी ओढायची सोय नाही.

तक्रार मालकापर्यंत गेली. “पुन्हा वास आला तर दुसरा डायवर बघतो,” मालकानं बजावलं. पुढच्या खेपेला डायवरनं कापूरहोळला गाडी थांबवली, सीट उपसली, टाकी पुसली, नळी चाचपली. सगळं कोरडं ठणठणीत! कारकून चहाला गेले आणि वास गेला. ते परतले, तसा वासही परतला. डायवर त्यांच्याभोवती हुंगत फिरला.

“रावसाहेब, कोट कशानं धुता?”

“लोकरी कोट पाण्यानं धूत नाहीत. निघताना पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून...” ते थांबले.

“मंग गळती गाडीत न्हाई, तुमच्यात हाय! आता मालकास्नी तुमीच सांगा. माजी भाकरी हाय ती.”

आम्ही पोट धरून हसलो. कारकुनांनी कोट काढला, नीट घडी घातली आणि पुण्याला जाता-येता तो मांडीवरच धरला.

परत भोरला आलो, तर मालक उभाच होता. कारकून सर्वांआधी उतरले.

“वासाचा छडा लागला. डायवर निर्दोष आहे.”

“मग वास कशाचा होता?”

कोट अंगात चढवून, शेवटचं बटण लावून ते म्हणाले, “तो मुद्दा या दाव्यात येत नाही.”