डिस्कवरचा म्हसोबा

मी जन्माची चिडकी. पण त्या डिस्कनं मला जितकं रडवलं तितकं आजवर कुणी रडवलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापूरच्या सात रस्त्याजवळ सूत तपासणारी एक संस्था होती. तिथं कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला मी. तो ज्या प्रणालीवर चालायचा त्या युनिक्सचं नाव तेव्हा गावात मला आणि आमच्या साहेबांनाच ठाऊक असावं. परातीएवढी डिस्क, तिच्यावर सुताच्या ताकदीचे आकडे साठवायचे. काही महिने झकास गेले. मग डिस्कवरच्या काही जागा खराब झाल्या. तिथं लिहिलेलं परत वाचताच येईना.

साहेबांनी सांगून टाकलं, "बाई, शनिवारपर्यंत जमलं नाही तर मशीन पुण्याला परत." मशीन गेलं की माझी नोकरीही गेली!

मी काय करायची? वाचता न येणारी फाईल रागारागानं पुसायची आणि आकडे पुन्हा भरायचे. पुन्हा एरर! मेलं ते मशीन! युनिक्सची रीतच अशी की नुकतीच मोकळी झालेली जागा पुढच्या फाईलला आधी मिळते. हे मला पाठ होतं बरं का. पण डोकं तापलं की पाठ केलेलंही पळून जातं.

गुरुवारी रजा टाकून घरी, वळसंगला गेले. अप्पा शेतात होते. वडील दिसले आणि मी बांधावर बसून भोकाड पसरलं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तू रोज त्योच खडक नांगरतीस की गं!"

"मग काय करू?"

"वरच्या तुकड्यातला खडक कुणी फोडला का? तुज्या पणज्यानं तितं म्हसोबा बसवला, शेंदूर फासला. तवापास्नं तितं कुणी नांगर घालत न्हाय. खडक हाय तितंच हाय, पर फाळ मोडत न्हाय."

मी ताडकन उठले. अप्पा "जेवून तरी जा" म्हणेपर्यंत एसटी गाठली होती.

आकडे कागदावर होतेच, म्हणून शुक्रवारी डिस्क पार रिकामी केली. मग ती काठोकाठ छोट्या छोट्या फायलींनी भरली आणि एकेक फाईल वाचून पाहिली. अकरा वाचता येईनात. त्या अकरा पुसल्या नाहीत, तिथंच ठेवल्या. त्यांच्या डिरेक्टरीला, म्हणजे कप्प्याला, नाव दिलं म्हसोबा. बाकीच्या सगळ्या पुसून टाकल्या. आता खराब जागा अडवलेल्या होत्या, नवी फाईल तिकडं फिरकणारच नव्हती.

शनिवारी साहेबांसमोर सगळे आकडे भरले आणि वाचले. एकही एरर नाही! साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे म्हसोबा काय?"

"देव आहे साहेब. पुसायचा नाही."

साहेब खो खो हसले आणि त्यांनी पुण्याला फोन लावला, गाडी पाठवू नका म्हणून. मला तर तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

पेढे घेऊन तडक वळसंग. "अप्पा, तुमचा म्हसोबा पावला! मशीन राहिलं, मी राहिले!"

"ब्येस झालं." अप्पांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. "खरं सांगू? मशीन जावं, तू घरला यावंस, असंच वाटत हुतं मला."

"अहो, मग उपाय कशाला सांगितलात?"

"तू रडत हुतीस की."