भिऊन लावलेलं दार

तळेऱ्याच्या अलीकडच्या वळणावर आमच्या जुन्या पिकअपचं दार धाडकन उघडलं आणि शेजारी बसलेली आई पडता पडता वाचली. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने तिला उतरूच दिलं नाही. "माणूस बसलो की जुनी गाडी कलता. तेवाच दार बसवचा," म्हणाला. दाराखाली फळी, फळीखाली जॅक लावून बिजागऱ्यांचे बोल्ट आवळताना तो दाराशीच काहीबाही पुटपुटत होता. मग हात पुसत मला म्हणाला, "आता तू लाव."

मी हळूच लोटलं. लागलं नाही.

"भिवन लावलंस तर लागाचा नाय रे!"

डोळे मिटून आपटलं, तेव्हा लागलं.

तरी पुढच्या वळणावर माझा डावा हात आईसमोर आडवा गेलाच. तिने तो उचलून गिअरवर ठेवला.