तहान बघणारे मामा

लाइनमन मामांना प्रश्न विचारल्याशिवाय सुईसुद्धा टोचून घेता येत नसे. "शिस्टर, आज जरा तिरपी गेली का वं?" असं ते हाताकडे टक लावून विचारत. तक्रार नसायची, चौकशी असायची. डायलिसिस सेंटरमध्ये दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमचे बेड शेजारी असत. मी शाळेतली बाई. ते मूळचे सोयगावचे, पण सारी नोकरी इथे शहराच्या पाणीपुरवठ्यात लाइनमन म्हणून, गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांना पाणी सोडण्यात गेलेली.

आम्हा दोघांनाही दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं होतं. जास्त झालं की ते अंगात साचायचं, धाप लागायची. मी त्यावर चिडचिड करायचे. मामा म्हणायचे, "उभ्या मोहल्ल्याला पाणी पाजलं बाई, पण तहान म्हंजी काय ते कदी बघितलं नाय. आता फुरसत हाय."

हे 'बघणं' त्यांना सेंटरमधल्या समुपदेशक मॅडमनी शिकवलं. मशीन चालू असताना डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष ठेवा, जे जाणवेल ते नुसतं पाहा, असं त्या सांगत. मला तर संतापच आला. दोन्ही किडन्या गेल्या आणि ह्या श्वास बघायला सांगतात! बाकीचे झोपून गेले. मामांनी मात्र विचारलं, "मॅडम, ह्यानं किडनी बरी व्हती का?"

"नाही मामा. तसं मी सांगणारच नाही."

"मंग चालतंय. खोटं नाय ना, मंग करून बघू."

तेव्हापासून आल्या आल्या ते मला तहानेची खबर द्यायचे. "ती घशात नसती बाई, जिभेच्या बुडाला बसती. येती, फुगती, आपण काईच केलं नाय तर जराशानं उतरती. पुना येती, ती गोष्ट येगळी." एकदा म्हणाले, टीव्हीवर क्रिकेट लागलं की तहान येतच नाही, सून बोलली की लगेच येते. ह्याचं कारण शोधण्यात त्यांचा एक अख्खा आठवडा गेला.

मे महिन्यात भाचीचं लग्न होतं, क्रांती चौकाजवळच्या कार्यालयात. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी माठातलं पाणी तीन ग्लास प्यायले. संध्याकाळी धाप लागली आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं. डॉक्टर रागावले. पुढच्या खेपेला मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मामांनी हळूच विचारलं, "पाणी कसं लागलं?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते खरंच उत्तराची वाट बघत होते.

"गार," मी म्हटलं. "वाळ्याचा वास होता."

"अन् दुसरा घोट?"

मी आठवून पाहिलं. काहीच सापडेना.

"म्हंजी तीन गिलासातला एकच घोट पिलात की! बाकीचं नुसतं ओतलं."

त्या खोलीत मी पहिल्यांदाच हसले. मग मीही शिकले, छोट्या कपातला एकेक घोट तोंडात थांबवायला. रोज जमतं असं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी मामांचं हृदय थकत चाललं. एका शुक्रवारी मशीनवर असतानाच त्यांचं बीपी एकदम उतरलं. चेहरा पांढरा पडला, डोळे फिरले. सिस्टर धावल्या. मी माझ्या मोकळ्या हातानं त्यांचा हात धरला, त्यापलीकडे मला काही करता येण्यासारखं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांना बरं वाटलं.

"मामा, श्वास बघितलात का?"

"नाय बाई. काई जमलं नाय. लई भ्यालो." मग म्हणाले, "तुमचा हात तेवढा कळत व्हता. गारठला व्हता. मंग त्योच बघत ऱ्हायलो."

त्यानंतर ते दोनदाच आले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या मुलाचा सेंटरला फोन आला.

जगातली प्रत्येक गोष्ट विचारणाऱ्या मामांनी, माझा हात का गारठला होता, एवढं मात्र मला कधी विचारलं नाही.